वाचक विचारतात : नाताळ नेमका सुरू कधी होतो?

नाताळाविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारकडून बरीच पत्रं आली. निम्म्याहून अधिक ख्रिस्तीतर वाचकांची आहेत, याचा आनंद वाटला. निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट रीतींत फरक असेल तिथे तो सांगितला आहे, कारण आपल्या भागात दोन्ही जुन्या आहेत. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात 1820 मध्ये सुरू झालं, तर कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत 1953 मध्ये स्थापन झाला.

प्रश्न : आमच्या मराठी शाळेत दरवर्षी नाताळाचा कार्यक्रम होतो. लाल टोपी, कापसाची दाढी, केक, चॉकलेटं. यंदा मुख्याध्यापिका म्हणाल्या की मुलांना सणाचा अर्थ कळेल असं काहीतरी करा. वर्गात दोनच ख्रिस्ती मुलं आहेत. वीस मिनिटांत काय सांगावं? (शिक्षिका, टिळकवाडी)

एकच गोष्ट सांगा : देव माणूस झाला, असं ख्रिस्ती लोक मानतात आणि त्याचा हा सण आहे. एका थोर शिक्षकाची जयंती म्हणून नाताळ साजरा होत नाही. ज्याने जग निर्माण केलं तोच दुधासाठी रडणारं, बाळंत्यात गुंडाळावं लागणारं मूल होऊन आला, हा या सणाचा गाभा. बाकी सगळं त्याभोवतीचं.

गोष्टीसाठी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, 1 ते 20 ओव्या, पुरेसा आहे. सावकाश वाचला तरी चार मिनिटं लागतात. त्यातले तपशील मुलांना त्यांच्या ओळखीच्या गोष्टींतून सांगा. रोमन बादशहा औगुस्त याने नावनिशीचा हुकूम काढला, म्हणजे शिरगणती. ज्याने त्याने आपापल्या मूळ गावी जायचं. योसेफ आणि दिवस भरलेली मरिया नासरेथहून बेथलेहेमला निघाले. हे अंतर सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, म्हणजे साधारण बेळगावहून कोल्हापूर. वाट डोंगराळ होती. तिथे पोचल्यावर उतरायला जागा नाही. बाळ जन्मलं ते गव्हाणीत ठेवलं. आणि ही बातमी पहिल्यांदा कुणाला कळली? राजाला नाही, पुरोहितांनाही नाही. रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. सुगी झाल्यावर शेतात मेंढरं बसवायला येणारे धनगर मुलांनी पाहिलेले असतात. गावाबाहेर, उघड्यावर, थंडीत रात्र काढणारी माणसं. ती पहिली आली, एवढं सांगितलं तरी मुलांच्या लक्षात राहतं.

वाटणी अशी करा : वाचन चार मिनिटं, मूक देखावा आठ मिनिटं, एक गाणं, आणि उरलेल्या वेळात मुलांचे प्रश्न. देखाव्यात संवाद ठेवू नका. मुलं संवाद विसरतात आणि मग शिक्षकच पडद्याआडून ओरडत राहतात. वाचन चालू असताना पात्रं हळूहळू येऊ द्या. त्या दोन ख्रिस्ती मुलांनाच मरिया आणि योसेफ करायचं असं गृहीत धरू नका, आधी विचारा. काही मुलांना असं वेगळं काढलेलं आवडत नाही.

सांताक्लॉजला काढून टाकायची गरज नाही, त्याला त्याच्या जागी बसवा. चौथ्या शतकात मायरा (आजच्या तुर्कस्तानात) या गावी निकोलस नावाचे बिशप होते, त्यांचा सण 6 डिसेंबरला असतो. परंपरेतली गोष्ट अशी की एका गरीब बापाकडे तीन मुलींच्या हुंड्याला पैसे नव्हते, तेव्हा निकोलस यांनी रात्री गुपचूप त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. हुंड्याची ही गोष्ट आपल्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. फक्त सांताला गोठ्याच्या देखाव्यात आणू नका. तो आला की गव्हाणीकडे कुणी बघत नाही.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये डिसेंबरात जांभळ्या मेणबत्त्यांचं चक्र लावतात. घरी करायचं आहे. गेल्या वर्षी केलं तर तिसऱ्या आठवड्यात पानं वाळून पेटली. आणि चारांतली एक गुलाबी का? (खानापूर)

या चक्राला आगमनकाळाचं चक्र म्हणतात. नाताळ समजून घ्यायचा असेल तर आगमनकाळापासूनच सुरुवात करायला हवी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. पहिला रविवार 30 नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा असतो, म्हणून तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो. 2026 मध्ये तो 29 नोव्हेंबरला आहे. हा काळ सणाचा नाही, सणाची वाट बघण्याचा आहे. जांभळा रंग पश्चात्तापाचा आणि तयारीचा. कॅथलिक चर्चमध्ये या चार रविवारी ‘ग्लोरिया’ हे महिमागीत म्हणत नाहीत, ते थेट नाताळच्या रात्री पुन्हा सुरू होतं. ज्यांनी चार आठवडे ते ऐकलेलं नसतं त्यांना त्या रात्री घंटांबरोबर ते ऐकताना काय वाटतं, ते चर्चमध्ये बसूनच कळतं. आगमनकाळातलं वाट बघणं दुहेरी आहे. बेथलेहेमात जो आला त्याची आठवण, आणि जो पुन्हा येणार आहे त्याची तयारी. पहिल्या रविवारची वाचनं तर बाळाविषयी नसतातच, ‘जागे राहा’ असं सांगणारी असतात.

तिसऱ्या रविवारी ‘आनंद करा’ हा सूर असतो, अर्धी वाट सरली म्हणून. त्या दिवसाची मेणबत्ती गुलाबी. म्हणजे तीन जांभळ्या, एक गुलाबी. काही जण मधोमध पाचवी पांढरी ठेवतात, ती नाताळच्या रात्रीच लावायची. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये रंग वेगवेगळे दिसतात, कुठे चारही एकाच रंगाच्या असतात. त्यात चूक काही नाही.

आता पेटण्याचं कारण. सुरूच्या किंवा राळ असलेल्या फांद्या डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात पाच-सहा दिवसांत वाळतात आणि झटकन पेट घेतात. त्यात बूड थर्माकोलचं असलं तर विचारूच नका. उपाय घरातलाच आहे. पितळी परात घ्या, तिच्यात धुतलेली वाळू पाच सेंटिमीटर भरा आणि ती ओलसर ठेवा. मेणबत्त्या तीन सेंटिमीटर तरी वाळूत रोवा. आंब्याच्या किंवा जांभळीच्या ताज्या डहाळ्या परातीच्या कडेने ओल्या वाळूत खोचा, ज्योतीपासून एक वीत लांब. दर शनिवारी पानं बदला. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्याच घ्या आणि जांभळी फीत परातीला गुंडाळा, मेणबत्तीला नको.

दुसरी चूक मेणबत्तीच्या उंचीची. पहिली मेणबत्ती रोज लागते. रोज पंधरा मिनिटं धरली तर 2026 मध्ये पहिली 26 दिवस म्हणजे साडेसहा तास जळेल, दुसरी पावणेपाच तास, तिसरी तीन तास, चौथी फक्त सव्वा तास. दोन सेंटिमीटर जाडीची मेणबत्ती तासाला अंदाजे अडीच सेंटिमीटर जळते, म्हणजे पहिली सोळा-सतरा सेंटिमीटर संपणार. वाळूतला भाग धरून ती वीस सेंटिमीटरपेक्षा लहान घेऊ नका. मेणात फरक असतो, म्हणून एक मेणबत्ती तासभर जाळून मोजून बघा. नाताळच्या आदल्या दिवशी चारींची उंची पायऱ्यांसारखी दिसते. सर्वांत ठेंगणी ती पहिली, जिने सगळ्यांत जास्त वाट पाहिली. मुलांना आगमनकाळ समजावायला याहून सोपी आकृती नाही.

ती पंधरा मिनिटं नुसती ज्योत बघण्यात घालवू नका. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या पाच-सहा ओव्या, एक प्रार्थना, आणि शेजारी एक डबा ठेवून घरातल्या प्रत्येकाने त्यात मूठभर तांदूळ. चौघांच्या घरात सव्वीस दिवसांत चार-पाच किलो सहज जमतात. ते नाताळच्या आत पोचले पाहिजेत. पोचवण्याचं पुढे ढकललं तर जानेवारीत त्यांना किडे लागतात.

प्रश्न : आमच्या घरात पंढरीची वारी आहे. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाशी पिढ्यान्पिढ्यांचा घरोबा. त्यांच्या आजींना मी म्हटलं, ‘येशू हा देवाचा अवतारच की.’ त्या हसल्या, ‘तसंच, पण तसं नाही’ म्हणाल्या. फरक काय? (निपाणी)

आजींनी चार शब्दांत जे सांगितलं तेच आम्हाला लांबवून सांगावं लागणार.

‘तसंच’ कशासाठी, ते आधी. देव लांब बसून राहत नाही, माणसांसाठी खाली उतरतो, ही ओढ दोन्हीकडे आहे. त्यामुळे आपण ‘अवतार’ म्हटलं म्हणून ख्रिस्ती माणसाला वाईट वाटत नाही.

‘तसं नाही’ याला मात्र तीन कारणं आहेत. गीतेत भगवंत ‘संभवामि युगे युगे’ म्हणतात, गरज पडेल तेव्हा तेव्हा येणं. ख्रिस्ती श्रद्धेत हे येणं एकदाच. तेही पुराणकाळात नाही, तर हेरोद राजा आणि औगुस्त बादशहा यांच्या ठरावीक काळात, नकाशावर दाखवता येईल अशा गावात. त्याच्या मृत्यूच्या वेळचा रोमन सुभेदार पिलात याचंही नाव ख्रिस्ती लोक विश्वासाच्या कबुलीत दर रविवारी घेतात, ते याचसाठी.

दुसरं, अवतार संपतो, देह ठेवून देव निजधामाला जातो. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे येशूने घेतलेला देह सोडला नाही. पुनरुत्थानानंतरही तो देहासहच आहे, आणि कायमचा.

तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. तो माणसाचं सोंग घेऊन आलेला देव नव्हता. त्याला भूक लागली, तो थकून होडीत झोपला, मित्र मेला तेव्हा रडला, आणि खरोखर मेला. ‘तो फक्त माणसासारखा दिसत होता’ असं सांगणारी मतं पहिल्या काही शतकांतच निघाली होती, चर्चने ती नाकारली. 325 मध्ये निकिया इथल्या परिषदेने ठरवलं की पुत्र, म्हणजे येशू, हा पित्याइतकाच देव आहे. 451 मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेने ठरवलं की तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे, दोन्ही स्वभाव एका व्यक्तीत आहेत, ते एकमेकांत मिसळलेले नाहीत आणि वेगळेही काढता येत नाहीत. म्हणून मराठी ख्रिस्ती ‘अवतार’ऐवजी ‘देहधारण’ हा शब्द वापरतात. योहानाच्या शुभवर्तमानात ‘शब्द’ (म्हणजे देवपुत्र) देही झाला, असंच म्हटलं आहे.

आता हे सगळं कशासाठी? ‘येशू’ या नावाचा अर्थच ‘परमेश्वर तारतो’ असा आहे. पापाने माणूस आणि देव यांच्यात जी तूट पडली ती माणसाच्या बाजूने भरून निघत नव्हती, म्हणून देव माणसाच्या बाजूला येऊन उभा राहिला. नाताळ आणि गुड फ्रायडे हे दोन वेगळे सण आहेत असं वाटतं, पण नाताळच्या गोष्टीतच क्रूस आहे. बाळाला शोधत पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी सोनं, ऊद आणि गंधरस आणला. गंधरस त्या काळी प्रेताला लावत असत. पूर्वेकडच्या जुन्या चर्चचित्रांत गव्हाण मुद्दाम दगडी शवपेटीसारखी काढतात आणि बाळंत्याच्या पट्ट्या कफनासारख्या. पुढच्या वेळी आजींकडे गेलात तर त्यांना याविषयी विचारा. वारकऱ्याशी अशा गोष्टी बोलायला त्यांना आवडेल.

प्रश्न : गल्लीतली मुलं दरवर्षी नाताळचा गोठा करतात. बाळ केव्हा ठेवायचं यावरून भांडण होतं. बैल आणि गाढव हवेतच का? खाली हिरवळ उगवत नाही, बुरशी येते. (नंदगड)

बाळ 24 डिसेंबरच्या रात्री ठेवायचं, त्याआधी गव्हाण रिकामी. तिच्याकडेच तर सगळे बघत असतात. चर्चमध्येही रात्रीच्या मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, वेळी बाळाची मूर्ती आणून ठेवतात. आधीपासून बाळ ठेवलं की मुलांच्या दृष्टीने त्या रात्री काहीच घडत नाही. बाळाची मूर्ती कुणाच्या तरी ताब्यात द्या आणि रात्री घरातल्या सर्वांत लहान मुलाकडून ठेवून घ्या.

तीन ज्ञानीही पहिल्या दिवशी गोठ्यात नसावेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते नंतर येतात, आणि बाळ एका घरात असतं. त्यांना अंगणाच्या किंवा पडवीच्या टोकाला ठेवा आणि रोज थोडे पुढे सरकवा. प्रकटीकरणाचा सण 6 जानेवारीचा, कॅथलिक चर्चमध्ये आपल्याकडे तो बहुधा जवळच्या रविवारी येतो. 2027 मध्ये तो 3 जानेवारीला. त्या दिवशी ते पोचले पाहिजेत. ते किती होते हेही शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन मानली. या सणाचा अर्थ मोठा आहे : परक्या देशातले, परक्या धर्माचे लोक या बाळाला शोधत आले आणि त्यांचं स्वागत झालं.

बैल आणि गाढव चारही शुभवर्तमानांत नाहीत. ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून आले. तिथे म्हटलंय की बैलाला धनी कळतो, गाढवाला मालकाची गव्हाण कळते, पण माझ्या लोकांना मी कळत नाही. म्हणजे ती दोन मुकी जनावरं म्हणजे बघणाऱ्याला विचारलेला प्रश्नच आहे. मूर्ती असतील तर जरूर ठेवा.

गोठा करण्याची रीत रूढ केली ती असिसीच्या संत फ्रान्सिसने. 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्याने खरं गवत, खरा बैल आणि गाढव आणून नाताळची मिस्सा करवली. लोकांनी गरिबीतला तो जन्म डोळ्यांनी बघावा, हा त्याचा हेतू. म्हणून गोठा झगमगीत नको. कापसाचं बर्फ तर नकोच. बेथलेहेमात नाताळला क्वचितच बर्फ पडतं, आणि दिव्यांच्या माळेशेजारचा कापूस आग लावतो.

खानापूर तालुक्यातल्या मुलांना गोठा कसा असतो हे शिकवावं लागत नाही. जुन्या घरांत सोप्याला लागूनच गुरं बांधलेली असायची. माणसं वरच्या अंगाला, गुरं खालच्या अंगाला, मध्ये दोन पायऱ्या. बेथलेहेमातली गरिबांची घरंही बरीचशी अशीच होती, आणि ‘उतारशाळा’ असं भाषांतर होणाऱ्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घरातली पाहुण्यांची खोली असाही होतो. म्हणजे कुणी दार लावून घेतलं असंच काही नाही. घर पाहुण्यांनी भरलं होतं म्हणून बाळंतीण गुरांच्या बाजूला आणली, असंही घडलं असेल. गव्हाणीची कड जनावरांच्या मानेने घासून गुळगुळीत झालेली असते, तळाशी चघळून उरलेला कडबा, त्याला त्यांच्या श्वासाचा ओलसर वास. त्यात बाळ ठेवलं. बेथलेहेम या नावाचा अर्थ ‘भाकरीचं घर’. भाकरीच्या गावात, खायला घालतात त्या जागी, जो पुढे ‘मीच जीवनाची भाकर’ म्हणणार होता त्याला ठेवलं. चर्चमध्ये ख्रिस्तप्रसादाची भाकर घेणारा माणूस गव्हाणीकडे पाहून हे आठवतो.

हिरवळीचं सांगायचं तर गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी निथळून ओल्या फडक्यात मोड येऊ द्या, मग पसरट भांड्यात दोन बोटं माती घालून पेरा. दाणे एकमेकांना चिकटले की बुरशी येते, म्हणून एका थरात आणि विरळ पेरा. पाणी ओतू नका, शिंपडा. भांड्याला खाली भोक हवं. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री थंड, उगवण रेंगाळते. 12-13 तारखेला पेरा, म्हणजे 24 ला गहू वीतभर होतो. नाचणी त्यापेक्षा बुटकी राहते, ती मेंढरांच्या पुढे शोभते.

प्रश्न : 25 डिसेंबर ही खरी जन्मतारीख नाही, ती रोमन लोकांच्या सूर्यदेवाच्या सणावरून घेतली, असं वाचलं. मग सणाला अर्थ काय उरला? (कॅम्प, बेळगाव)

शुभवर्तमानात तारीख नाही, हे खरं. 25 डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद रोममधली, 336 च्या सुमाराची. ती 354 च्या एका रोमन पंचांगवजा ग्रंथात आहे, आणि त्याच ग्रंथात त्याच तारखेला अजिंक्य सूर्याचा जन्मदिवसही नोंदलेला आहे. त्यामुळे एक तर्क असा की ख्रिस्ती लोकांनी तो दिवस घेतला. दुसरा तर्क हिशोबाचा : येशूचा मृत्यू 25 मार्चला झाला आणि गर्भधारणाही त्याच तारखेची, असं पश्चिमेत मानत. तिथून नऊ महिने मोजले की 25 डिसेंबर. अभ्यासकांत अजून एकमत नाही. आर्मेनियन चर्च 6 जानेवारीला जन्मोत्सव करतं. काही ऑर्थोडॉक्स चर्च जुनं जुलियन पंचांग पाळतात, त्यांचा 25 डिसेंबर आपल्या 7 जानेवारीला येतो.

पण चर्चने या तारखेवर श्रद्धा ठेवायला कधीच सांगितलं नाही. श्रद्धा आहे ती जन्मावर, त्यातल्या देहधारणावर. चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान जन्माची गोष्ट सांगतच नाहीत, तरी योहानाचा पहिला अध्याय हेच नाताळच्या दिवसाच्या मिस्सेचं वाचन आहे. ‘अंधारात प्रकाश प्रकाशतो’ हे त्यातलं वाक्य, आणि तारीख येते ती वर्षातल्या सर्वांत लांब रात्रींच्या दिवसांत. इतकं जुळलेलं पुरे.

प्रश्न : ‘नाताळ’ शब्द कुठला? आणि ‘एक्समस’ म्हणणं अपमानाचं आहे का? (कारवार)

‘नाताळ’ पोर्तुगीज ‘नाताल’वरून, म्हणजे जन्म. ‘ख्रिसमस’ म्हणजे ख्रिस्ताची मिस्सा. ‘एक्स’ हे ग्रीक ‘खी’ अक्षर, ख्रिस्त शब्दाचं आद्याक्षर. ख्रिस्ती लोकच ते लिहीत आले आहेत. अपमान नाही.

प्रश्न : मैत्रिणीने मध्यरात्रीच्या मिस्सेला बोलावलंय. मी हिंदू. जाऊ का? तिथे काय करायचं, काय नाही? (शहापूर, बेळगाव)

जरूर जा. आधी वेळ विचारून घ्या. नाव ‘मध्यरात्रीची’ असलं तरी अनेक ठिकाणी ती रात्री लवकर सुरू होते. कॅथलिक पुस्तकात तिचं नाव नुसतं ‘रात्रीची मिस्सा’ असंच आहे. नाताळच्या तीन मिस्सा असतात, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची, आणि प्रत्येकीची वाचनं वेगळी. रात्री देवदूत आणि मेंढपाळ, पहाटे मेंढपाळांचं बाळाकडे जाणं, दिवसा योहानाचा पहिला अध्याय. भाषाही विचारा. बेळगाव परिसरात मराठी, कोंकणी, कन्नड, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत मिस्सा होतात. मराठीला गेलात तर वाचनं नीट कळतील.

अर्धा तास आधी पोचा, नाहीतर बाहेर मंडपात उभं राहावं लागेल. शाल घ्या. चपला काढायच्या की नाही हे चर्चगणिक वेगळं, दाराशी बघून घ्या. सगळे उभे राहतील तेव्हा उभ्या राहा, गुडघे टेकतील तेव्हा नुसतं बसून राहिलात तरी चालतं. एक क्षण मात्र चुकवू नका. प्रवचनानंतर विश्वासाची कबुली म्हणतात. तिच्यात देवपुत्राने मरियेपासून देह धारण केला, ही ओळ येते. एरवी बहुतेक वेळा त्या ओळीला लोक फक्त मान लववतात. नाताळला सगळं चर्च त्या ओळीवर गुडघे टेकतं. सणाचा धार्मिक अर्थ विचारणाऱ्याला ती एक हालचाल दाखवावी. गडबडीत बऱ्याच ठिकाणी लोक विसरतात, फादरांनी आधी आठवण करून दिली तर बरं.

ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मात्र जाऊ नका. ते प्रसादासारखं सर्वांना वाटायचं नसतं. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे तो ख्रिस्ताचा देह आहे, आणि कॅथलिक माणूसही तासभर उपाशी राहून, मोठं पाप असेल तर कबुली देऊनच तो घेतो. जागेवर बसून राहिलं तर कुणाला वावगं वाटत नाही. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये गेलात तर उपासना बहुधा 25 ला सकाळी असते आणि प्रभुभोजन (तिथला ख्रिस्तप्रसादाचा विधी) असेलच असं नाही. मिस्सेनंतर लोक गोठ्यापाशी थांबतात. तिथे तुम्हीही थांबा, हात जोडा. मैत्रिणीकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, पण केकच हवा असंही नाही.

प्रश्न : नोव्हेंबरात आई गेली. नातेवाईक म्हणतात, यंदा तारा लावायचा नाही, गोठा करायचा नाही, चर्चमध्येही मागे बसायचं. घरात लहान मुलं आहेत. धर्म काय सांगतो? (खानापूर तालुक्यातील एक वाचक)

तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

ख्रिस्ती धर्मात सुतक नाही. मृत्यूने घर विटाळत नाही, त्यामुळे गोठा, तारा, मिस्सा यांपैकी कशालाच मनाई नाही. मागे बसायचीही गरज नाही. आपल्याकडे शोकाच्या वर्षी घरात फराळ करत नाहीत, शेजारीपाजारी आणून देतात. ही रीत हिंदूंमध्ये दिवाळीला आहे तशी ख्रिस्ती घरांतही आहे. ती धर्माची आज्ञा नाही, पण चांगली आहे, पाळावीशी वाटली तर पाळा. नेवऱ्या आणि कलकल शेजारणीकडून येऊ द्या. नको म्हणू नका.

गोठा मात्र करा, मुलांसाठी आणि तुमच्यासाठीही. नाताळ हा सुखी घरांचाच सण, असं जाहिरातींतून वाटू लागलं आहे. चर्चचं पंचांग तसं सांगत नाही. 25 डिसेंबरच्या दुसऱ्याच दिवशी संत स्तेफन या पहिल्या हुतात्म्याचा सण आहे. 28 तारखेला हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा दिवस, ज्या दिवशी मुलांसाठी रडणाऱ्या आयांची आठवण वाचली जाते. मृत्यू त्या आठवड्यात बसवलेलाच आहे, कारण जो जन्मला तो मरण भोगायलाच जन्मला होता.

करता येण्यासारखं थोडं सांगतो. कॅथलिक असाल तर आईच्या नावे मिस्सा सांगा. चर्चच्या कार्यालयात आताच जाऊन या, नाताळच्या आठवड्यातले दिवस लवकर भरतात. प्रॉटेस्टंट मंडळीत सहसा मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, पण उपासनेत तिच्या आयुष्याबद्दल आभार मानता येतात, पाळकांना आधी कल्पना द्या. दोन्हीकडे कबरीवर जाता येतं, 24 ला संध्याकाळी उजेड असेपर्यंत जा. तारा लावायला जड जात असेल तर साध्या पांढऱ्या कागदाचा, आत एकच दिवा असलेला लावा.

आणि घाई करू नका. 25 डिसेंबरला सगळं उरकायचं नसतं. कॅथलिक पंचांगात नाताळकाळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. 2027 मध्ये तो 10 जानेवारीला आहे. 24 च्या रात्री बाळ ठेवायला मन धजलं नाही, तर 26 ला ठेवा, 30 ला ठेवा. गव्हाण तोवर रिकामी राहिली तरी चालेल. तुमच्या आई बाळ कोणत्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायच्या ते मुलांना माहीत असेल, त्यांना काढू द्या.